तुझा नंबर आता पाचवर

लोकमान्य नगर, इंदूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर हसत हसत विचारलंस, "आई, मला घरच्या फोनच्या एक नंबरच्या बटणावरून काढलंस म्हणे?" तेवढ्यात इकडे कुकरची शिट्टी झाली, तिकडे तुझी मीटिंग लागली आणि उत्तर द्यायचं राहिलं. हसलास खरा, पण कुठेतरी टोचलंय, ते आवाजावरून कळलं. म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

दिवाळीत तो कॉर्डलेस फोन घेऊन आलास, दोन तास बसून नंबर भरलेस आणि म्हणालास, "एक दाबून धरा, नावं दिसली की हिरवं बटण. एक म्हणजे मी." तू पुण्याला पोचायच्या आत तो फोन तुला लागेनासा झाला. एक दाबलं की बाई सांगायची, नंबरच्या आधी शून्य लावा. तू तुझ्या मोबाइलमधून दहा आकडे उतरवले होतेस ना! घरच्या फोनवरून मोबाइल लावायचा तर 15 जानेवारी 2021 पासून आधी शून्य लागतं. तुमच्या पिढीला घरचा फोनच माहीत नाही, तर शून्य कुठून माहीत असणार?

बाबांनी फोनबुकात जाऊन एकेका नावाला शून्य जोडलं. अख्खी दुपार गेली. तरी एक दाबलं की पुन्हा तीच बाई! शेवटी मीच ती मुंगीच्या अक्षरांची पुस्तिका भिंगाने वाचली. नंबर एखाद्या बटणावर ठेवला की फोन त्याची वेगळी नक्कल करून ठेवतो म्हणे. फोनबुकात कितीही सुधारा, बटणावरचा जुनाच राहतो. तो पुसून पुन्हा ठेवावा लागतो. हे मी शोधलं, बाबांनी नाही. ते सगळ्यांना उलटं सांगतात म्हणून लिहून ठेवते.

आता मुख्य गोष्ट. श्रावणात बाबांची साखर उतरली ती रात्र आठव. अडीच वाजले होते. माणूस घामाने निथळलेला, काहीतरी असंबद्ध बोलतोय, आणि मी काय केलं? एक दाबलं. तू पहिल्या रिंगलाच उचललास, त्यात तुझं काही उणं नाही. पण तू पुण्यात! तू तिथून 108 लावलास तर तो महाराष्ट्रातला लागला. त्यांची काय चूक, तुझा फोन तिकडे, म्हणून कॉलही तिकडेच जाणार. मग तू वरच्या काकूंचा नंबर शोधत बसलास, तो तुझ्याकडे नव्हता, म्हणून मला विचारायला परत फोन केलास. काकू आमच्या डोक्यावर राहतात, बाळा. सतरा पायऱ्या. तेवढ्यासाठी आमचा निरोप पुण्याला जाऊन आला.

त्या आल्या ग्लुकोजची पुडी घेऊनच. बाबा शुद्धीवर होते म्हणून पाण्यात कालवून घोट घोट पाजता आलं. पंधरा-वीस मिनिटांत "चहा कर" म्हणाले, तेव्हा मी भिंतीला टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी काकूंना एकवर आणलं. दोनवर 108. तू म्हणशील, तीन आकडे तर आहेत, त्यासाठी बटण कशाला? घाबरलेल्या माणसाला तीन आकडेही जड होतात रे. त्या रात्री मला घराचा नंबर सांगताना अडखळायला झालं होतं, आणि या घरात मी एकतीस वर्षं राहते.

ही अदलाबदल बाबांच्या डोक्यात काही बसली नाही. मागच्या आठवड्यात मॅच संपल्यावर रात्री अकराला तुझ्याशी बोलायला म्हणून सवयीने एक दाबलं. काकूंनी उचलला, आमचा नंबर बघून "आले, आले" म्हणत ठेवला आणि अनवाणी खाली! एका हातात ग्लुकोज, दुसऱ्यात बीपीचं मशीन. बाबा दारात उभे, विकेटचं सांगायचं तोंडात तसंच. त्या रात्री आमच्या घरी साडेअकराला पोहे झाले. पोह्यांवर भुरभुरायचा जिरावन मसाला संपला होता, तो काकूंनीच वरून आणला. तुझ्या कानावर गेलं ते हेच.

तू पाचवर का, तेही सांगते. फोन हातात घेऊन बघ, पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. अंधारात, चष्म्याशिवाय, बोटाला बरोबर लागतो. मी बाबांना म्हटलं, मग काकूंनाच पाचवर ठेवू. ते म्हणाले, "काकूंना लावायची वेळ आली तर तू लावशील. चष्मा काढून पडल्यावर मला त्याच्याशी बोलायचं असतं." मग मी पुढे काही बोलले नाही.

बाकी तुला काळजी वाटते त्या दोन गोष्टी. लाइट गेली की हा फोन मुका होतो. तांब्याची तार होती तेव्हा एक्स्चेंजातूनच 48 व्होल्ट यायचे, घरात अंधार असला तरी तो काळा फोन वाजायचा. आता फायबरचं डबडं आणि कॉर्डलेसची बैठक दोन्हींना वीज लागते, म्हणून दोन्ही इन्व्हर्टरवर घेतली. आणि सेल बदलायला बाबा जेल रोडवर गेले, तर दुकानदाराने साधे पेन्सिल सेल दिले. ते चार्जिंगवर ठेवले की गळतात, फोन खराब होतो. मी परत पाठवले, चार्ज होणारेच आणवले, दोन नग.

तू एवढंच कर. काकूंचा नंबर तुझ्या मोबाइलात घाल, त्यांच्या घरचा आणि मोबाइलचा दोन्ही. घरच्याला आधी 0731 जोडायला विसरू नकोस.

आणि एक गंमत. काकूंचं नाव बाबांनीच टाकलं. त्या बटणांवर 'के' आणायला पाच दोनदा दाबायचा. दुसऱ्या 'के'ला त्यांच्याकडून तीनदा दाबला गेला, त्यामुळे काकूंचा फोन आला की स्क्रीनवर 'कालू' येतं. सुधारायचा कंटाळा केलाय. तू आलास आणि काकू समोर बसल्या असताना फोन वाजला, तर आधी स्क्रीनवर हात ठेव.

तुझी,
आई