घर गरम झालं म्हणजे थर्मोस्टॅट नीट बसला असं नाही

मा. संपादक,
स.न.

मी नॉर्थ कॅरोलिनात केरी गावात राहतो, बारा वर्षं झाली, आणि तुमचा पेपर रोज सकाळी फोनवर वाचतो. आज जरा वेगळ्याच विषयावर लिहितोय. तुमच्या बऱ्याच वाचकांची मुलं इकडे असतात, नातवंडाच्या वेळी आईवडील चार-सहा महिने इकडे येऊन राहतात, आणि ती थंडीची वेळ असेल तर दिवसातनं दहा वेळा ज्या डबीशी त्यांचा संबंध येतो ती म्हणजे घरातलं तापमान ठरवणारा भिंतीवरचा थर्मोस्टॅट. ती डबी मी स्वतः बदलली, चूक केली, आणि ती चूक दोन महिन्यांहून जास्त कोणाला कळलीसुद्धा नाही. दुसऱ्यांचं तसं होऊ नये एवढ्यासाठी हे पत्र.

आधी हीट पंप म्हणजे काय ते सांगतो कारण नावावरनं पाण्याचा पंप वाटतो. तो आपला एसीच आहे, फक्त उलटाही चालतो. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो, थंडीत बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून आत आणतो, आणि हे उलटसुलट करायला आत एक व्हॉल्व असतो ज्याला रिव्हर्सिंग व्हॉल्व म्हणतात. कडाक्याच्या थंडीत तो पुरा पडला नाही तर मदतीला आत एअर हँडलरमधे, म्हणजे घरभर हवा खेळवणाऱ्या पेटीत, हीट स्ट्रिप असतात, म्हणजे सरळ कॉइल, आपल्या जुन्या कॉइलच्या शेगडीसारखी. इथं दक्षिणेकडच्या राज्यांमधे बऱ्याच घरांत हेच आहे, आणि २०२२ मधे तर अख्ख्या अमेरिकेत गॅसच्या फर्नेसपेक्षा, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीपेक्षा, हीट पंप जास्त विकले गेले.

आता फरक बघा. स्ट्रिप १० किलोवॅटची असेल तर तासाला १० युनिट खाते. तेवढीच उष्णता द्यायला हीट पंप, बाहेर ८ डिग्री सेल्सियसच्या आसपास असेल तर, ३ ते ४ युनिटच घेतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, नुसती वाहून आणतो. रोज पाच तास धरले तर महिन्याला १५०० युनिट कुठे आणि ५०० कुठे.

आमचा जुना थर्मोस्टॅट ऑक्टोबरात बंद पडला. एका कंपनीच्या माणसाने नुसता बदलायचे तीनशे डॉलर सांगितले, नवा डबा वेगळा. बाळ दोन आठवड्यांचं, खर्च सगळीकडनं चाललेला, म्हटलं सहा वायरी तर आहेत, आपणच करू. आणि खरं सांगतो, काम अवघड नाहीच. दोन्ही ब्रेकर पाडले, एअर हँडलरचा एक आणि बाहेरच्या युनिटचा एक, हे दोन वेगळे असतात आणि एकच पाडून लोक मोकळे होतात. जुनं झाकण काढून वायरींचा फोटो काढला, प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून ती कुठल्या अक्षराच्या स्क्रूला होती ते लिहिलं. ह्या वायरींमधे २४ व्होल्ट असतात, शॉक लागून माणूस मरत नाही, पण लाल वायर दुसऱ्या वायरीला चुकून टेकली तर आतल्या बोर्डावरचा ३ किंवा ५ अँपियरचा छोटा फ्यूज उडतो, तोच तो गाडीत असतो तसला, जांभळा किंवा मातकट रंगाचा, आणि फ्यूज नसेल तर ट्रान्सफॉर्मरच जातो. म्हणून ब्रेकर पाडायचेच.

सगळं जागच्या जागी लावलं. मग स्क्रीनवर प्रश्न आला, सिस्टिम कुठली? गॅस फर्नेस, इलेक्ट्रिक फर्नेस, हीट पंप. मी विचार केला घरात गॅस नाही, सगळं विजेवर, म्हणून इलेक्ट्रिक फर्नेस दाबलं. झालं. दहा मिनिटांत जाळीतनं मस्त ऊन ऊन हवा यायला लागली, आई म्हणाली वा, जुन्यापेक्षा हाच चांगला आहे.

डिसेंबरचं बिल आलं ते मागच्या वर्षीच्या दुपटीहून जास्त. आम्ही म्हटलं बाळाचे कपडे रोज धुतले जातात, गरम पाणी जास्त लागतं, यंदा थंडीही आहे. बाबा मात्र काही बोलले नाहीत. ते नाशिकला वीज मंडळात पस्तीस वर्षं वायरमन होते. रोज सकाळी घराभोवती चक्कर मारायची त्यांची सवय, आणि जानेवारीत एक दिवस आत येऊन म्हणाले, "अरे, ते बाहेरचं मशीन एकदाही चालताना दिसलं नाही मला. आत एवढं गरम कशाने होतंय मग?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इलेक्ट्रिक फर्नेस सांगितल्यामुळे थर्मोस्टॅट हीटसाठी फक्त डब्ल्यूच्या वायरीला करंट देत होता, म्हणजे थेट स्ट्रिपला, आणि कंप्रेसर चालवणारी वाय वायर थंडीभर गप्प. वायर एकही चुकली नव्हती, सेटिंग चुकलं होतं. वरनं रिव्हर्सिंग व्हॉल्वला जाणारी ओची वायरही ह्या सेटिंगमधे मुकीच असते, त्यामुळे मेमध्ये कूल लावलं असतं तर आमच्या घरात गार ऐवजी गरम हवा आली असती. बाबांनी आणि मी मिळून मेनूत जाऊन हीट पंप केलं, मदतीला इलेक्ट्रिक स्ट्रिप आहे हे सांगितलं, व्हॉल्व कूलिंगला ऑन ठेवला, पाच मिनिटं थांबलो (कंप्रेसर लगेच सुरू होत नाही, त्याला तेवढा वेळ मुद्दाम दिलेला असतो) आणि बाहेरचा पंखा फिरायला लागला.

मला जे कळकळीने सांगायचंय ते हेच की ह्या कामातल्या काही चुका ओरडतात आणि काही गप्प बसतात. फ्यूज उडाला, स्क्रीन लागला नाही, ह्या ओरडणाऱ्या, त्या माणूस दुरुस्त करतोच. गप्प चुकीत घर छान गरम राहतं आणि मीटर पळत असतो. आणखी एक तशीच आहे, ओ आणि बीची. बऱ्याच कंपन्यांचा व्हॉल्व कूलिंगला करंट मागतो, ती ओ. रीम आणि रूडचा हीटिंगला मागतो, ती बी. नव्या थर्मोस्टॅटवर दोन्हीसाठी एकच स्क्रू असतो आणि मेनूत निवडावं लागतं. उलटं निवडलं तर हीट मागितल्यावर पंप घर गार करायला लागतो, घर गार होतंय म्हणून थर्मोस्टॅट स्ट्रिप चालू करतो, आणि दोघं एकमेकांच्या विरुद्ध राबत बसतात! घर कोमट राहतं. बाहेरचा पंखा तर फिरत असतो, म्हणून बाबांची युक्तीही इथं चालत नाही. त्याला उपाय म्हणजे बाहेरच्या युनिटला जाणारे दोन तांब्याचे पाईप, त्यातला जाड, ज्यावर काळं फोमचं आवरण असतं, तो हीटवर गरम लागला पाहिजे. हात जपून लावा, चांगलाच तापतो. गार लागला तर ओ-बी उलटं झालंय.

वायरीच्या रंगावर तर अजिबात जाऊ नका. लाल आर, पिवळी वाय, हिरवी जी म्हणजे पंखा, नारिंगी ओ, पांढरी डब्ल्यू, निळी सी, हा रिवाज आहे, नियम नाही, ज्याने घर बांधताना वायर ओढली त्याच्या हाताला जी लागली ती त्याने लावली. अक्षर बघायचं, आणि शंका आली तर एअर हँडलरचं झाकण काढून तिकडच्या टोकाला तीच वायर कुठे आहे ते बघायचं. अक्षरही एका ठिकाणी फसवतं. ट्रेन (Trane) नावाच्या कंपनीच्या सिस्टिममधे बी लिहिलेली निळी वायर व्हॉल्वची नसते, ती कॉमन, म्हणजे करंट परत नेणारी सी, असते, ती ओ-बीच्या स्क्रूला लावली की शॉर्ट. जुन्यावर डब्ल्यू२ आणि ई ह्यांच्यामधे छोटा वायरचा तुकडा असतो, नव्यावर बहुतेक लागत नाही, माहितीपुस्तकात बघून घ्या. वायफायवाल्याला सी लागतेच म्हणून धरा, पुष्कळदा ती भिंतीत गुंडाळून ठेवलेली सापडते, फक्त दुसऱ्या टोकाला जोडायची राहिलेली असते.

आणि दोन वेळेला मात्र हात लावू नका. झाकण काढल्यावर जाड वायरी आणि प्लास्टिकच्या टोप्या दिसल्या तर ते २४ व्होल्ट नाही, १२० किंवा २४० आहे, बेसबोर्ड हीटरचं, ते जिवावर बेतू शकतं. आणि ए, बी, सी, डी अशा चारच वायरी असल्या तर ती मशीनं आपसात डिजिटल बोलतात, तिथं दुकानातला साधा थर्मोस्टॅट चालणारच नाही. बाकी गॅस भरणं, पाईप उघडणं ह्याला इथं सरकारी सर्टिफिकेट लागतं, त्याच्या वाटेला जायचं नाही.

आता येणाऱ्या आईवडिलांसाठी. हीट पंपची हवा हाताला फार गरम लागत नाही, ३५ डिग्री सेल्सियसच्या आसपास असते, अंगाच्या तापमानापेक्षा कमीच. म्हणून आमच्या आईला दुरुस्तीनंतर वाटलं की हा आता बिघडला, आणि तिने ६८ फॅरनहाइटचा काटा थेट ७८ केला. दोन-तीन फॅरनहाइटचा फरक दिसला की बरेचसे थर्मोस्टॅट स्ट्रिप बोलावतात. तेव्हा एकदा ठरवा आणि तिथंच ठेवा, रात्री कमी सकाळी जास्त असं करू नका, थंडी वाजली तर एकेक डिग्री वाढवा. स्क्रीनवर ऑक्स हीट (म्हणजे मदतीची स्ट्रिप चालू) असं तासन् तास दिसलं तर मुलांना सांगा. इमर्जन्सी हीट हे बटण बाहेरचं मशीन बंद पडलं तरच वापरायचं, ते कंप्रेसर बंद करून नुसती स्ट्रिप चालवतं, नावावरनं लोकांना वाटतं जास्त थंडीसाठी आहे. आणि पहाटे बाहेरच्या मशीनमधनं वाफेचा लोट निघाला तर धूर समजून कोणाला फोन करू नका, ते स्वतःवरचा बर्फ वितळवत असतं, थोड्या वेळाने आपोआप थांबतं.

संपादकसाहेब, परदेशातल्या मराठी माणसांवर तुम्ही छापता ते सण आणि संमेलनांचं असतं आणि मला ते आवडतंही, पण घर कसं चालतं हे मराठीत कुणी समजावून सांगत नाही. बाबांनी वरचं सगळं एका कागदावर लिहून थर्मोस्टॅटखाली चिकटवलंय, आणि इथल्या चार मराठी घरांनी त्याचा फोटो मागून नेला. असं एखादं सदर सुरू केलंत तर बाबा त्यात आनंदाने लिहितील.

आपला,
केरीतला एक वाचक

ता.क. जुना थर्मोस्टॅट काढल्यावर आत काचेच्या नळीत चमकणारा थेंब दिसला तर तो पारा आहे, काही ग्रॅम असतो. घरच्या कचऱ्यात टाकू नका, नळी फुटू न देता काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर नेऊन द्या.