प्रोस्टेटच्या बातमीत एवढं तरी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डायबेटीसमध्ये वाढणाऱ्या एका रसायनाचा आणि प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, जी वाढली की लघवीला त्रास होतो) वाढण्याचा संबंध जोडणारी बातमी वाचली, म्हणून हे पत्र. शरीर साखर वापरतं तेव्हा मिथाइलग्लायॉक्सल नावाचं विषारी रसायन तयार होतं, एरवी शरीरातली एन्झाइम्स ते साफ करतात पण डायबेटीसमध्ये ते रक्तात वाढतं आणि प्रोटीनला चिकटून बसतं. शुगर आणि पोटाचा घेर वाढलेल्या पुरुषांत प्रोस्टेट वाढण्याचं प्रमाण जास्त दिसतं, त्यामुळे यातला संबंध शोधायलाच हवा. पण अशी बातमी छापताना प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर, हे पहिल्याच परिच्छेदात सांगा ही कळकळीची विनंती. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर बातमीचा फोटो फिरला की मागोमाग 'प्रोस्टेट डिटॉक्स'च्या लिंका येतात आणि लोक प्रोस्टेटची चालू गोळी बंद करतात, डॉक्टरला न विचारता.

शोधापासून गोळीपर्यंत किती वेळ जातो बघा. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात काही मुलगे जन्मतः मुलींसारखे दिसायचे आणि वयात आल्यावर पुरुषी बदल व्हायचे. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून डीएचटी (प्रोस्टेट वाढवणारं त्याचं जास्त प्रभावी रूप) नीट बनत नव्हतं आणि मोठेपणीही प्रोस्टेट लहानच राहायची. संशोधक डॉक्टर ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी हे 1974 मध्ये मांडलं, आणि डीएचटी कमी करणाऱ्या फिनास्टेराइड या प्रोस्टेटच्या गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली 1992 मध्ये! उलट सॉ पाल्मेटो हा वनस्पतीचा अर्क, जे ऑनलाइन धडाधड विकलं जातं, ते 2006 मध्ये 225 पुरुषांवर वर्षभर तपासलं तर खोट्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा काहीच जास्त फायदा नाही.

आणखी दोन गोष्टी छापाच. फिनास्टेराइडने पीएसएचा (प्रोस्टेट कॅन्सरची शंका तपासायच्या रक्तचाचणीचा) आकडा साधारण निम्मा होतो, म्हणून टेस्टच्या वेळी गोळी चालू आहे हे डॉक्टरला सांगायलाच हवं, नाहीतर कॅन्सरची शंका यायला हवी तिथे येणार नाही. दुसरं म्हणजे सर्दीच्या गोळ्या, ज्यात स्यूडोएफेड्रिन किंवा क्लोरफेनिरामिन असतं, त्याने आधीच त्रास असलेल्याची लघवी पूर्ण अडू शकते. लघवी अडली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं. आपल्याकडे पुरुष हे घरात बायकोलाही सांगत नाहीत, रात्रीत पाचवेळा उठतात आणि वय झालं म्हणतात, म्हणून हे पेपरात मोठ्या अक्षरात यायला हवं.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा