निळ्या भिंतीच्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

प्रदर्शन संपून आठवडा झाला. तुम्ही निघालात तेव्हा आवराआवरीच्या गडबडीत नुसते हात जोडले आणि 'थँक्यू काकू' म्हणाले. ते फारच अपुरं होतं, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. नाव लिहू नको म्हणालात, तेवढं पाळते. बाकी सगळं सांगणार आहे.

'घर म्हणजे काय?' या एकाच प्रश्नावर गावातल्या लोकांनी काढलेली, शिवलेली, कोरलेली ४३ कामं आमच्याकडे तयार होती आणि प्रदर्शनाला बारा दिवस उरले असताना ठरलेला हॉल हातचा गेला. आता त्यात शिरत नाही. पण ज्या मुलांनी महिनाभर जीव ओतून चित्रं काढली होती, त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मग कुणीतरी तुमच्या बंद घराचा विषय काढला. अकरा वर्षं कुलूप असलेलं घर मागायचं तरी कसं! मी चाचरतच फोन केला. तुम्ही एवढंच विचारलंत, "भिंतीत खिळे मारणार का?"

नाही म्हणाले. जुन्या भिंतीत खिळा ठोकला की पोपडा निघतो, आणि फ्रेम ओल्या भिंतीला टेकली की मागून बुरशी धरते. त्यामुळे वाशांना दोऱ्या बांधून चित्रं भिंतीपासून चार बोटं पुढे सोडू, असं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी किल्ली घेऊन तुम्ही स्वतः आलात.

तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दार उघडलं, आत मिट्ट काळोख. मी मोबाइल काढेपर्यंत तुमचा हात दारामागे गेला, कमरेच्याही खाली, आणि बटण खट्कन वाजलं. दिवा लागला नाही, वीज कधीच तोडलेली होती. पण अकरा वर्षांनंतरही हात बोटभरसुद्धा चुकला नाही. "मुलांचा हात पोचावा म्हणून खाली बसवून घेतलं होतं," एवढंच म्हणालात.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात, मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला. आम्ही तशा खुणाही करून ठेवल्या होत्या. तुमचं बटण पाहिल्यावर मागच्या खोलीतल्या सगळ्या दोऱ्या सोडल्या आणि चित्रं मीटरभर उंचीवर आणली. त्या खोलीत मोठी माणसं गुडघ्यांवर बसून चित्रं बघत होती, आणि मुलं शेजारी उभी राहून त्यांना समजावून सांगत होती.

आणि ती भिंत. प्रदर्शनाच्या भिंती पांढऱ्याच हव्यात, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं की रंगाचा डबा बरोबरच आणला होता. तुम्ही मधल्या खोलीत उभ्या होतात. धुराने आणि उजेडाने भिंत मळकट राखाडी झालेली, पण जिथे जिथे तसबिरी होत्या तिथे मूळचा निळा रंग जसाच्या तसा. सात चौकोन. तुम्ही एकेकावर बोट ठेवून सांगत गेलात. हा लग्नातला फोटो, हा धाकट्याचा शाळेतला, हा आरसा. सगळ्यात मोठा चौकोन कशाचा, तर कॅलेंडरचा! दरवर्षी नवं यायचं, खिळा तोच. "सगळे हिशेब त्याच्यावरच लिहायचे मी," म्हणालात. आमच्यातल्या एकीने रंगाचा डबा हळूच बाहेर नेऊन ठेवला. त्या भिंतीवर आम्ही एकही चित्र लावलं नाही. प्रत्येक चौकोनाखाली, चित्राखाली लावतात तशी, तुमच्याच शब्दांतली चिठ्ठी लावली. तुम्ही परवानगी दिलीत म्हणूनच. आपल्या घरातलं इतकं आतलं परक्यांच्या नजरेसमोर ठेवायला मन घट्ट करावं लागतं, याची जाणीव आहे मला. कॅलेंडरच्या चौकोनापुढे लोक सगळ्यात जास्त वेळ थांबत होते. बायका तर एकमेकींना सांगत होत्या, आमच्याकडे ते कुठे लटकायचं आणि त्यावर काय काय लिहिलेलं असायचं.

दोऱ्या बांधताना मी तुम्हाला रेचल व्हाइटरीड या इंग्लिश शिल्पकर्तीची गोष्ट सांगितली होती. लंडनच्या पूर्व भागातलं पाडायला काढलेलं एक घर तिने १९९३ मध्ये आतून काँक्रीटच्या जाड थराने लिंपून घेतलं आणि मग बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. उरली ती आतली पोकळी, घट्ट झालेली. जानेवारी १९९४ मध्ये तेही पाडलं. तुम्ही हातातली दोरी तशीच धरून म्हणालात, "म्हणजे ते घर दोनदा गेलं." मी त्या कामाबद्दल बरंच वाचलंय, पण इतकं नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही.

उजेडाचंही तुम्हीच सांभाळलंत. जलरंगांना प्रखर उजेड सोसत नाही, संग्रहालयात त्यांच्यावर साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) इतकाच मंद प्रकाश ठेवतात. आमच्याकडे मोजायचं यंत्र नव्हतं. तुम्ही मात्र कुठल्या खिडकीतून किती वाजता ऊन आत येतं, कुठपर्यंत सरकतं, सगळं तोंडपाठ सांगितलंत. दुपारी तीननंतर ज्या कोपऱ्यात ऊन पडतं, तिथे जलरंग न लावता लाकडाची कामं मांडली.

शेवटच्या दिवशी मुलांना दो हो सू या कोरियन कलावंताबद्दल सांगितलं. न्यूयॉर्कमधलं आपलं राहतं घर सोडताना त्याने भिंती, दारं, कड्या सगळ्यांवर कागद लावून रंगीत पेन्सिली घासल्या आणि घराचा ठसा उतरवून घेतला. नाण्यावर कागद ठेवून आपण घासतो, अगदी तसं. मुलं लगेच कामाला लागली. तुम्ही पायरीवर बसून बघत होतात. कडी, उंबरठ्यावरची झीज, खिडकीचे गज. एका मुलीने खालचं बटण निवडलं आणि ठसा कागदावर उमटल्यावर तुम्हाला दाखवायला धावत आली. तुम्ही चष्मा काढून पदराने पुसलात, परत घातलात आणि कितीतरी वेळ तो कागद मांडीवर धरून बसलात. तिला काही बोलला नाहीत, नुसता पाठीवरून हात फिरवलात.

काकू, हॉलमध्ये हे प्रदर्शन झालं असतं तर चांगलंच झालं असतं. पण लोक आले असते, 'छान आहे' म्हणाले असते आणि गेले असते, एवढंच. तुमच्या घरात आलेली माणसं बाहेर पडताना आपापल्या घराविषयी बोलत होती. हे तुमच्यामुळे झालं. मनापासून आभार.

दोऱ्या सोडल्यात, जमीन पुसून घेतली आहे, निळ्या भिंतीला कुणी हात लावलेला नाही. बटणाचा ठसा त्या मुलीने तुमच्यासाठी ठेवलाय. कागद दुमडू नका असं तिने चार वेळा बजावलंय, म्हणून गुंडाळी करून नळीत घातलाय. किल्लीबरोबर तोही घेऊन येत्या रविवारी मी तुमच्याकडे येते.

तुमची,
प्रदर्शनातली दोऱ्या बांधणारी