शुक्रवारच्या आधी

कोथरूड, पुणे
मंगळवार, रात्र

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. दोनच शब्द होते. स्टेशनवर, गाडी सुटायच्या वेळी, मी तसं बोलायला नको होतं. "आई, व्याजात एखाद्या पैशाचा फरक पडतो, कोणी बघत नाही," एवढंच तू म्हणालीस आणि मला बाबांची सही आठवली. आज तो विषय काढायचा नाही असं ठरवून बसले आहे.

काल ओंकारकडून तुझ्या जुन्या लॅपटॉपवर पायथन, ती प्रोग्रामिंगची भाषा, सुरू करून घेतली. ०.१ अधिक ०.२ लिहिलं, उत्तर आलं ०.३०००००००००००००००४. चौतीस वर्षं काउंटरवर काढली, अशी बेरीज कधी पाहिली नव्हती. ओंकार म्हणाला, मावशी, आपल्याला एक-तृतीयांश लिहिताना ०.३३३ करत कुठेतरी थांबावं लागतं ना, तसं यंत्राचं शून्य-एकच्या मोजणीत एक-दशांशाचं होतं. मग त्याने डेसिमल लायब्ररी दाखवली, दशांश आकडे जसेच्या तसे मोजणारं तयार कोड. तिथे ०.३ म्हणजे ०.३च. फक्त आकडा अवतरणचिन्हांत द्यायचा, नुसता ०.१ दिला तर फ्लोटची, म्हणजे यंत्राच्या नेहमीच्या शून्य-एकमधल्या आकड्याची, चूक सोबत आत येते. व्याज मोजणाऱ्या तुमच्या कोडमध्ये आकडा कसा दिलाय? बघशील?

आणि २.६७५ दोन दशांशांपर्यंत राउंड केला तर साधा फ्लोट २.६७ देतो, डेसिमल २.६८. आम्ही अर्धा पैसा नेहमी वर घ्यायचो. या लायब्ररीला वेगळं काही सांगितलं नाही तर ती तो जवळच्या सम आकड्याकडे नेते, म्हणजे कधी वर, कधी खाली. तुमच्या नियमात काय ठरलंय ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. शंभर रुपये तिघांत वाटले की प्रत्येकी तेहतीस रुपये तेहतीस पैसे आणि एक पैसा उरतो. तो कोणाचा, हे लायब्ररी ठरवत नाही, तुम्हालाच ठरवावं लागतं.

पुन्हा शिकवायला लागले. राग मानू नकोस.

आप्पा सांगायचे, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा रविवार पेठेतल्या दुकानात गिऱ्हाइकं भांडायला उभी राहायची. आणा म्हणजे खरं तर सव्वासहा नवे पैसे, पण आण्यांचे पैसे करायच्या तक्त्यात पूर्ण आकडा, सहा. दोन आण्यांचे बारा, तीनचे एकोणीस, चारचे पंचवीस. एकेक आण्याच्या चार पुड्या वेगवेगळ्या नेल्या तर चोवीस, एकदम नेल्या तर पंचवीस. आप्पा तो एक पैसा वहीत वेगळ्या ओळीत मांडायचे, गिऱ्हाइकाला दाखवून. ती वही तू लहानपणी रंगवली होतीस. ते तुला रागावले नाहीत, मीच रागावले होते.

ओंकारने व्हँकूव्हरच्या शेअरबाजाराचंही वाचून दाखवलं. १९८२ मध्ये १००० वर सुरू केलेला निर्देशांक, प्रत्येक वेळी तिसऱ्या दशांशापुढचं नुसतं कापत गेले. दोन वर्षांच्या आत तो निम्म्यावर आला. नीट मोजल्यावर १०९८ च्या वर निघाला. तिथेही दर वेळी एवढंसंच जात होतं आणि कोणी बघत नव्हतं.

बाबांचा फरक अकरा पैशांचा होता, सानिका. आकडा दुसऱ्याने मांडला होता, खाली सही त्यांची होती. लिहायचं नव्हतं, तरी लिहिलंच. तू त्यांच्यासारखीच आहेस, माणसावर विश्वास टाकून सही करणारी. तुझं हे मला फार आवडतं आणि त्याचीच झोपेत भीती वाटते.

पहिल्या पगाराची तुझी स्लिप मी पेढ्यांबरोबर देव्हाऱ्यात ठेवली होती, ती अजून तिथेच आहे. शेजारच्या काकूंना आजही दाखवते.

मेतकूट आणि लसणाची चटणी बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे, चटणी आधी संपव. शुक्रवारी कोड चढवायच्या आधी एकदा फोन कर. रात्री दोन वाजले तरी चालेल, मी जागीच असेन.

तुझी,
आई