दुर्गाबाईंच्या चित्रसूचीसाठी फिल्म चेकर काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

दुर्गा खोटे यांच्या चित्रपटांची सूची छपाईला गेली. तिच्यातल्या ज्या नोंदींवर आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवू शकतो, त्या तुम्ही शिकवलेल्या तपासणीतून आल्या आहेत. हे पत्र मुद्दाम जाहीर लिहीत आहोत. वितरकांच्या कचेरीत चित्रपटांच्या प्रिंट तपासत, रिवाइंडिंगच्या टेबलापाशी उभं आयुष्य काढणाऱ्या फिल्म चेकर मंडळींचं नाव कुठल्याच श्रेयनामावलीत येत नाही. तुम्हीही स्वतःचं नाव छापू दिलं नाहीत, म्हणून नुसतं ‘काका’.

दुर्गाबाईंची कारकीर्द वरवर सांगायला सोपी आहे. १९०५ साली मुंबईत लाड कुटुंबात जन्म, सेंट झेवियर्समध्ये शिक्षण, लग्न, दोन मुलं, पैशांची ओढाताण, १९३१ साली ‘फरेबी जाल’मधली लहानशी भूमिका आणि लगेच १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त तारामती. शेवटाकडे १९६८ ची पद्मश्री आणि १९८३ चा फाळके पुरस्कार. एवढं सगळेच लिहितात. अवघड आहे ते या दोन टोकांमधलं. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा बोलपट नुकता जन्मला होता. त्या थांबल्या तेव्हा घरोघरी दूरदर्शन आलं होतं. प्रत्येक बदलाची खूण फिल्मच्या पट्टीवर राहिली आणि ती वाचायची कशी, हे तुम्ही दाखवलंत.

सगळ्यात मोठा घोळ जोडचित्रपटांचा. ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अयोध्या का राजा’ हे कोल्हापुरात एकाच सेटवर झाले, पण एकाचं भाषांतर करून दुसरा चिकटवलेला नाही. दृश्य एकदा मराठीत, एकदा हिंदीत असं दोनदा चित्रित झालं. म्हणजे तारामती दुर्गाबाईंनी दोनदा उभी केली, आणि सूचीत तिच्या दोन नोंदी हव्यात. १९४१ सालची ‘पायाची दासी’ आणि ‘चरणों की दासी’, १९४२ सालची ‘भरत भेट’ आणि ‘भरत मिलाप’ याच जातीच्या जोड्या. मात्र हा नियम सरसकट लावला की फसगत होते. १९३३ साली न्यू थिएटर्सनी कोलकात्यात मीराबाईची कथा दोन भाषांत केली. हिंदी ‘राजरानी मीरा’त दुर्गाबाई आहेत, बंगाली ‘मीराबाई’त चंद्रावती देवी. तिथे नोंद एकच. ‘अमर ज्योती’ (१९३६) प्रभातचा असला तरी हिंदीतच झाला. मराठी जोडीदार गृहीत धरणाऱ्या याद्या चुकतात.

यावर तुमचा उपाय साधा होता: नावावरून जोडी लावू नका, पट्ट्या शेजारी ठेवा. सिंक्रोनायझरवर, म्हणजे दोन पट्ट्या बरोबरीने पुढे सरकवणाऱ्या यंत्रावर, दोन्ही भाषांची तीच रिळं एकत्र चढवायची आणि फ्रेमला फ्रेम ताडून पाहायची. पदराची चुणी, हाताचा कोन, मागे उभ्या माणसाची मान, यांत फरक दिसला तर चित्रण वेगळं. चित्र तंतोतंत तेच आणि आवाज मात्र दुसऱ्या भाषेतला असेल, तर ते डबिंग. डब्यावरच्या चिठ्ठीला यात काहीच किंमत नाही, कारण जोडचित्रपटांची रिळं डब्यांत सहज अदलाबदल होतात.

दुसरी शिकवण आवाजाची. ३५ मिमी प्रिंटवर आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे २० फ्रेम, म्हणजे जवळजवळ १५ इंच, पुढे छापलेली असते, कारण प्रोजेक्टरमध्ये फिल्म आधी चित्राच्या गेटमधून आणि मग खालच्या, आवाज वाचणाऱ्या साउंड हेडवरून जाते. प्रिंट फाटून जॉइंट मारला असेल तर आधी चित्र उडी घेतं आणि सेकंदापेक्षा थोड्या कमी वेळाने आवाज उडी घेतो. चित्र आणि आवाज एकाच क्षणी तुटले, तर ती संकलकाची कात्री. त्या प्रिंटवरून पुढे नवी निगेटिव्ह काढली तर जॉइंट हाताला लागत नाही, हे २० फ्रेमचं अंतर मात्र तसंच उतरतं. दुर्गाबाईंचा एखादा संवाद मध्येच खुडल्यासारखा का वाटतो, तो दिग्दर्शकाचा निर्णय की कुठल्याशा टुरिंग टॉकीजमधल्या यंत्राची करामत, हे या एका खुणेवरून ठरवता येतं. अभिनयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, असं आमचं ठाम मत आहे.

गाण्यांत ही हानी जास्त बोचते. १९३२ साली पार्श्वगायन यायचं होतं. दुर्गाबाई कॅमेऱ्यासमोर स्वतः गात आणि वादक चौकटीबाहेर बसून साथ करत. शॉट मध्येच तोडला तर साथीचा धागा तुटणार, म्हणून गाण्याचे शॉट लांबच्या लांब. अशा शॉटमधले चार फूट गेले तर झाकायला दुसरा शॉट नसतो. सूर थेट उडतो, आणि ऐकणारा दोष गळ्याला देतो.

रिळाची दोन्ही टोकं आधी झिजतात, हेही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. प्रत्येक खेळाला फिल्म ओवताना आणि रीळ बदलताना तिथलेच फूट खराब होतात आणि कापले जातात. पहिल्या रिळाच्या सुरुवातीला असते श्रेयनामावली, त्यामुळे नेमकी तीच जाते. पुनर्प्रदर्शनाच्या वेळी कुणी नावांची नवी पाटी जोडतं आणि तिच्यावर त्या काळी गाजत असलेलं नाव वर चढतं. म्हणून पाटीआधी लांबी मोजायची. मिनिटाला ९० फूट, हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटांचं. सेन्सॉरच्या दाखल्यावरची लांबी आणि हातातली लांबी यांत २७० फुटांचा फरक असेल तर तीन मिनिटं गेली आहेत, आणि ती कुठल्या रिळातून गेली हे जॉइंटच सांगतात.

काठावरच्या अक्षरांनी तर अनेक अभ्यासकांना चकवलं असेल. पॉझिटिव्ह प्रिंटच्या काठावर ‘नायट्रेट’ (चटकन पेटणाऱ्या जुन्या फिल्मचा प्रकार) दिसलं म्हणजे ती नायट्रेट असते असं नाही. काळी अक्षरं त्या फिल्मची स्वतःची, पारदर्शक अक्षरं निगेटिव्हवरून उतरलेली. कोडॅकच्या चौकोन, वर्तुळ, त्रिकोणांच्या खुणा दर २० वर्षांनी परत येतात, म्हणून १९३२ आणि १९५२ ची खूण सारखीच. शिवाय ते साल कच्ची फिल्म बनल्याचं, चित्रणाचं नव्हे.

रीळ चालवण्याजोगं आहे का, हे पाहण्याची तुमची रीत आता आमच्याकडे सगळेच वापरतात. डबा उघडल्यावर आधी वास. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ॲसिटेट (नायट्रेटनंतर आलेला फिल्मचा प्रकार) कुजू लागलं आहे. तो डबा लगेच बाकीच्यांपासून लांब. मग सुती हातमोजे घालून हाताने, सावकाश रिवाइंड. नव्या फिल्मच्या १०० फ्रेम शेजारी जुन्या १०० फ्रेम ठेवायच्या. जुनी पट्टी पूर्ण एका फ्रेमने आखूड भरली तर ती १ टक्का आकसली आहे. अशी पट्टी प्रोजेक्टरवर चढवायची नाही, दाते छिद्रं फाडतात. नायट्रेट चिकट झालं, फुगे आले, तपकिरी भुकटी पडू लागली तर हातही लावायचा नाही. ते पेटलं की पाण्याखालीसुद्धा जळत राहतं, कारण ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन त्याच्यातच असतो. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, तेव्हा जुन्या चित्रपटांची मूळ रिळं गेली. ज्यांच्या प्रती आधी काढून ठेवल्या होत्या, तेवढेच चित्रपट मागे उरले.

नंतरच्या काळात काम हलकं होतं. ‘मुग़ल-ए-आज़म’ (१९६०) मधल्या जोधाबाईबद्दल एकच टीप जोडली आहे: २००४ च्या आवृत्तीत तिच्या वस्त्रांचे जे रंग दिसतात, त्यांतले बहुतेक संगणकावर भरलेले आहेत, तेव्हा वेशभूषेचा अभ्यास त्यावरून करू नये. ‘बॉबी’ (१९७३), फिल्मफेअर मिळवून देणारी ‘बिदाई’ (१९७४) यांच्या प्रती मिळतात, नोंदी स्वच्छ आहेत. दूरदर्शनवरच्या ‘वागले की दुनिया’ची (१९८८) नोंद निर्मितीच्या रकान्यात गेली. अभिनय आणि निर्मिती वेगळी मांडा, हा तुमचाच आग्रह होता, आणि तो योग्य होता. नाहीतर अनुबोधपट नि जाहिरातपटांची संस्था उभी करणाऱ्या दुर्गाबाई ‘आईच्या भूमिका करणारी नटी’ एवढ्यातच गुंडाळल्या जातात.

या सगळ्यासाठी मनापासून आभार. सूचीची पहिली प्रत तुमच्याकडे पोचती करतो. प्रत्येक पानाला रुंद समास सोडला आहे. चुकीचं वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल. काकूंना नमस्कार सांगा.

कळावे, लोभ आहेच तो वाढावा.

आपले,
चित्रसूचीचे संपादक