पाच खेळाडू घ्या, तिघांवर खेळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिका-खेळ, मुले ज्यांना डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचे छोटे नाव) किंवा नुसते आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) म्हणतात, ते खान्देशात सुरू करणे अवघड नाही. चालू ठेवणे अवघड आहे. चार मित्र जमतात, फासे मागवतात, पहिला रविवार रंगतो. दुसऱ्या रविवारी एकाकडे पाहुणे येतात, तिसऱ्याला कोणाचा तरी पेपर असतो आणि चौथ्या रविवारी व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी काही लिहीतच नाही. मग सगळे म्हणतात, नियम फार किचकट होते. नियमांचा दोष यात थोडाच असतो. गट मोडतो तो हजेरीवर, आणि हजेरीचे गणित मांडता येते, म्हणून हे पत्र.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण डीएम, म्हणजे सूत्रधार. तो प्रसंग उभा करतो: तापीला पूर आला आहे, थाळनेरच्या किल्ल्याच्या ढासळलेल्या तटावर एक दिवा हलतो आहे, आते काय करशी भो? बाकीच्या प्रत्येकाचे एक पात्र असते आणि आपले पात्र काय करते ते तो सांगतो. जिथे निकाल आधी सांगता येत नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा अंक मिळवायचा आणि बेरीज सूत्रधाराने ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली की जमले. हार-जीत नसते, गोष्ट पुढच्या बैठकीत पुढे जाते. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा डी अँड डी १९७४ साली प्रसिद्ध झाला, तिथून हा प्रकार रूढ झाला. सोंग घेऊन गोष्ट पुढे नेणे आपल्याकडे परके नाहीच. वहीगायन किंवा नंदुरबारकडची सोंगाड्या पार्टी पाहिलेल्याला हा खेळ समजायला दहा मिनिटे पुरतात.

आता हजेरी. समजा सूत्रधार पक्का आहे आणि चार खेळाडूंपैकी प्रत्येक जण पाचांपैकी चार वेळा येतो, म्हणजे ८० टक्के. ही चांगली हजेरी झाली. तरी चौघेही एकाच दिवशी हजर असण्याची शक्यता ०.८ चा चौथा घात, म्हणजे जेमतेम ४१ टक्के. "सगळे आले तरच खेळू" असे ठरवणारा गट महिन्यात दोन तारखा धरून महिन्याला सरासरी एकदाही बसत नाही. तेच चौघे "तिघे आले की खेळ सुरू" असे ठरवतील तर शक्यता ८२ टक्क्यांवर जाते. खेळाडू पाच घेतले आणि किमान तिघांचा नियम तसाच ठेवला तर ९४ टक्के. सवयी त्याच, फक्त एक नियम बदलला आणि एक माणूस वाढवला. दहावीच्या पुस्तकातला संभाव्यतेचा धडा इथे कामाला येतो.

मग सहा-सात का नकोत? लढाईच्या प्रसंगात एका खेळाडूच्या पाळीला साधारण दोन मिनिटे जातात, सूत्रधाराला चार. चार खेळाडूंत आपली पाळी संपल्यावर पुन्हा येईपर्यंत दहा मिनिटे जातात, सहांत चौदा. चौदा मिनिटे रिकामा बसलेला माणूस मोबाईल काढतो, आणि पाळी आल्यावर "काय झालं रे?" विचारतो, की दोनाची चार मिनिटे होतात. पाच ही वरची मर्यादा धरावी.

८० टक्क्यांचा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे: एकाच्या न येण्याचा दुसऱ्याच्या न येण्याशी संबंध नसावा. दोन सख्खे भाऊ गटात असले की घरच्या कार्याला दोघेही जातात. एकाच पाळीत काम करणारे तिघे असले की पाळी बदलताच तिघेही गळतात. आपल्याकडे तर काही दिवस असे आहेत की सगळ्यांचीच दांडी ठरलेली. श्रावणातला कानबाईचा रविवार, आखाजी, लग्नसराईतल्या दाट तिथी, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, कॉलेजच्या परीक्षा. या तारखा कॅलेंडरवर आधीच खोडून टाकाव्यात आणि उरलेल्यांत मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत पुरी होणारी एक गोष्ट, बसवावी. दोन वर्षे चालणाऱ्या मोहिमेचे स्वप्न नवीन गटाने पाहू नये. सहा ते आठ बैठकांत संपणारी गोष्ट घ्यावी. तेवढ्यात कोणाला पुण्याला किंवा सुरतेला नोकरी लागली तरी गोष्ट अर्धी राहत नाही.

जो आला नाही त्याचे पात्र मुक्कामावर थांबले असे धरावे, दुसऱ्याने ते चालवू नये. परक्या हातात ते पात्र मेले तर मैत्रीतच खटका उडतो. अनुभवाचे गुण मात्र सगळ्यांना सारखे द्यावेत. गैरहजराला मागे ठेवणे न्यायाचे वाटते, पण दुबळे पात्र घेऊन बसायला तो आणखी कमी येतो.

बैठक साडेतीन तासांची पुरे. सुरू व्हायची वेळ सगळेच पाळत नाहीत, म्हणून संपायची वेळ पक्की करावी. पाचोऱ्याला किंवा साक्रीला परत जाणाऱ्याची एसटी त्यावरच अवलंबून असते. पहिली पंधरा मिनिटे चहा आणि मागच्या बैठकीची उजळणी, आणि ती सूत्रधाराने नव्हे, खेळाडूंपैकी एकाने सांगावी, म्हणजे कोणाच्या काय लक्षात राहिले ते सूत्रधाराला कळते. मग दीड तास खेळ, पंधरा मिनिटे खाणे, सव्वा तास खेळ, शेवटची पंधरा मिनिटे नोंदी आणि पुढची तारीख. तारीख उठण्याआधी ठरवावी. ग्रुपवर ठरवायला सोडली की ती ठरत नाही. शेवभाजी आणि केळीचे वेफर्स सुट्टीतच खावेत. तर्रीचा एक डाग पात्राच्या कागदावरचा अर्धा तपशील पुसतो. एप्रिल-मेमध्ये दुपारची बैठक धरू नये, संध्याकाळी सातनंतरच बसावे. पात्राचा कागद कागदावरच असावा, पेन्सिलने लिहिलेला. लाईट गेली, मोबाईल उतरला, तरी टॉर्चच्या उजेडात खेळ चालतो.

फाशांच्या संचात सात फासे असतात: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा प्रत्येकी एक आणि दहा बाजूंचे दोन. संच येईपर्यंत थांबायचे कारण नाही. १ ते १० च्या दहा चिठ्ठ्या डब्यात घालाव्यात आणि एक नाणे उडवावे. छापा आला तर चिठ्ठीत दहा मिळवावेत. वीस बाजूंचा फासा तयार झाला. चिठ्ठी प्रत्येक वेळी डब्यात परत टाकून हलवावी, नाहीतर आलेला आकडा पुन्हा येऊच शकत नाही आणि सगळा हिशेब बिघडतो. चार बाजूंच्या फाशासाठी एक आणि दोन रुपयांची नाणी: छापा पडलेल्या नाण्यांची किंमत अधिक एक. बाराच्या फाशासाठी साधा फासा आणि एक नाणे, छाप्याला सहा मिळवायचे. विकतचा फासा सरळ आहे की नाही हे पाहायचे तर पेल्यात कोमट पाण्यात तो तरंगेपर्यंत मीठ विरघळवावे आणि बोटाने टिचकी मारत राहावे. दर वेळी तोच आकडा वर येत असेल तर आत पोकळी आहे. काही फासे तरंगतच नाहीत, त्यांची परीक्षा अशी होत नाही. नकाशाला तक्तापाटी आणि खडू चालतो, पात्रांना बाटल्यांची झाकणे, शत्रूंना चवळीचे दाणे.

फासे दिसले की घरातली मोठी माणसे जुगार म्हणतात, आणि आखाजीचे पत्ते पाहिलेल्या घरात ही शंका येणारच. इथे पैसा लागत नाही, पैज नसते, जिंकणारा नसतो. एकदा घरच्यांना शेजारी बसवून अर्धा तास पाहू द्यावे. सांगून पटत नाही ते पाहून पटते.

नवीन सूत्रधाराच्या हातून दोन चुका हमखास होतात, आणि दोन्ही गणिताच्या आहेत. पाच जण पहाऱ्याजवळून चोरपावलांनी निघाले. प्रत्येकाला दहा किंवा जास्त पडायला हवे असेल तर एकट्याची शक्यता ५५ टक्के. सूत्रधार पाचही जणांना फासा टाकायला लावतो आणि एक जरी चुकला तरी पहारेकरी जागे करतो. पाचही जण पार पडण्याची शक्यता मग ५ टक्के उरते. तीनदा असे झाले की खेळाडू लपणे सोडून देतात आणि प्रत्येक प्रसंगाची लढाई होते. उपाय नियमांतच आहे: निम्मे किंवा जास्त जमले की सगळे पार. पाचांत किमान तिघांना जमण्याची शक्यता ५९ टक्के, एकट्याच्या शक्यतेच्या आसपास. दुसरी चूक म्हणजे रहस्याचा एकच धागा ठेवणे आणि तो सापडायला फासा लावणे. फासा चुकला की गोष्ट तिथेच अडते आणि सूत्रधार गडबडून उत्तर स्वतःच सांगून टाकतो. एका निष्कर्षाकडे नेणारे तीन धागे ठेवावेत. प्रत्येक सापडायची शक्यता ५५ टक्केच धरली, तरी तिन्ही हुकण्याची शक्यता ९ टक्के. आणि ज्याच्याशिवाय पुढे जाताच येत नाही त्याला फासा लावूच नये.

सूत्रधार हाच गटातला सगळ्यात लवकर थकणारा माणूस. दर बैठकीला त्याची दोन तासांची तयारी धरा. मोहीम संपली की सूत्रधार बदलावा. खुर्ची फिरली की खेळाडूंनाही कळते की पलीकडे बसणे किती कष्टाचे आहे, आणि ते वेळेवर येऊ लागतात.

पहिल्या बैठकीत फासा टाकूच नये. कोणते विषय टेबलावर नकोत ते बोलून घ्यावे. फुली मारलेले एक कार्ड मध्ये ठेवावे. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचे नाही. शेतकरी आत्महत्या हा विषय कोणाच्या घरातला असू शकतो, हे आपल्या भागात तरी सूत्रधाराने धरूनच चालावे.

भाषेबद्दल आमचे मत ठाम आहे. खेळ मराठीत खेळावा आणि गटाला येत असेल तर अहिराणीत. इंग्रजीत बोलताना माणूस वाक्य जुळवत बसतो. अहिराणीत पात्र लगेच बोलू लागते. आर्मर क्लास (पात्राला वार लागणे किती अवघड), हिट पॉइंट (पात्र किती मार सोसू शकते) हे शब्द तसेच राहू द्यावेत, त्यांना ओढूनताणून प्रतिशब्द करण्यात वेळ जातो. पण एका शब्दाला जपावे. जुन्या नियमांतल्या 'रेस'चे (पात्र मानव आहे, एल्फ आहे की आणखी कोणी, हे सांगणारा शब्द) भाषांतर कोणी 'जात' असे करू नये. अमुक जातीचा म्हणून बलवान, तमुक जातीचा म्हणून कपटी, असे वाक्य आपल्या टेबलावर उच्चारलेही जाऊ नये. मूळ नियमांनीही २०२४च्या आवृत्तीत तो शब्द टाकून 'स्पीशीज' घेतला आहे. आपण 'प्रजाती' म्हणावे. गोष्टीसाठी सातपुडा, लळिंग, तोरणमाळ, सारंगखेड्याचा घोडेबाजार यांच्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. मात्र सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा माणसांना जंगलातले शत्रू करू नये, आणि कानबाई किंवा याहामोगी माता यांना राक्षसांच्या यादीत ओढू नये. ती कोणाची तरी आजची श्रद्धा आहे.

नियमांचे मराठीकरण करायला कायद्याची अडचण नाही, हे फार जणांना ठाऊक नसते. डी अँड डीच्या मूळ नियमांचा संदर्भ-दस्तऐवज, आवृत्ती ५.१, जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय नोंदवले की त्याचे भाषांतर करता येते, छापता येते, वाटताही येते. सगळे भाषांतर करत बसण्यापेक्षा आधी चार पाने करावीत: फासा कसा वाचायचा, पात्राचा कागद, लढाईतला पाळीचा क्रम, आणि पहिल्या पातळीची चार तयार पात्रे. एका बैठकीला एवढे पुरते.

राहिली जागा. घरी बसले की पाहुण्यांनी बैठक मोडते, हॉटेलात दोन तासांनी टेबल सोडावे लागते. म्हणून जिल्ह्यातल्या आणि तालुक्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना आमची विनंती आहे. महिन्यातून दोन ठरलेल्या रविवारी एक टेबल, सहा खुर्च्या, एक पंखा आणि साडेतीन तास द्यावेत. वाचन कक्षापासून दूरची खोली हवी, कारण खेळात आवाज होतो. गटातल्या दोघांनी ग्रंथालयाचे सभासद व्हावे, एकाच्या नावावर किल्लीची नोंद असावी, खाणे बाहेर व्हावे, आणि उठताना खडूचे नकाशे पुसून खुर्च्या जागेवर लावाव्यात. ज्या ग्रंथालयाला हे जमेल त्याने तारखा सूचना फलकावर लावाव्यात. एखाद्या गटात पाचवा खेळाडू कमी असेल, तर तो तिथेच मिळेल.

आपले,
भूमिका-खेळ खेळणारे काही वाचक,
जळगाव