मालवाहू विमान येणार म्हणजे नेमके कोणते येणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून स्वतंत्र मालवाहू विमानसेवा सुरू व्हावी, या मराठवाड्यातील उद्योजकांच्या मागणीची बातमी आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात वाचली. मागणी रास्त आहे आणि तिला माझा मनापासून पाठिंबा आहे. मात्र त्या बातमीत ‘नवे कोरे मालवाहू विमान’ असे शब्द आले आहेत आणि त्या विमानातून केसर आंबा थेट अमेरिकेला जाईल, असेही सुचवले आहे. या दोन्ही गोष्टी वस्तुस्थितीला धरून नाहीत. अशा समजुतीवर उभी राहिलेली मागणी दिल्लीच्या टेबलावर टिकत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी एसटीच्या चिकलठाणा येथील मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी विभागात 31 वर्षे काम करून निवृत्त झालो. ‘एअर डेक्कन’ काढणारे कॅप्टन गोपीनाथ यांनी 2009 मध्ये नागपूरला केंद्र करून ‘डेक्कन 360’ ही मालवाहू विमानसेवा सुरू केली, तेव्हापासून भारतातील मालवाहू विमानांची नोंद मी एका वहीत ठेवत आलो आहे. कोणत्या कंपनीकडे कोणते विमान आले, ते आधी कोणाकडे होते, केव्हा बांधले, मालवाहू केव्हा झाले आणि सध्या कुठे उभे आहे, एवढेच त्या वहीत असते. ती नागपूरची सेवा दोन-एक वर्षांतच बंद पडली आणि विदर्भ-मराठवाड्याच्या मालाला आपल्या अंगणात विमान मिळण्याची आशा तिच्याबरोबर मावळली. माझी वही मात्र सुरू राहिली.

आता ‘नवे कोरे’ या शब्दांविषयी. देशांतर्गत मालवाहतुकीत आज जी विमाने दिसतात, त्यांतील बहुतेक आधी प्रवासी विमाने होती. ब्लू डार्टची बोइंग 757 ही विमाने घ्या, इंडिगोने 2022 मध्ये आणलेले पहिले मालवाहू एअरबस ए-321 घ्या, किंवा जानेवारी 2023 मध्ये हैदराबादेत ॲमेझॉनच्या नावाने सुरू झालेल्या आणि क्विकजेट या कंपनीने चालवलेल्या सेवेतील बोइंग 737-800 घ्या. ही सगळी रूपांतरित विमाने आहेत. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मालवाहू विमान दिवसाकाठी प्रवासी विमानापेक्षा खूपच कमी तास उडते, बरेचदा फक्त रात्री, त्यामुळे नव्या विमानाचा हप्ता त्या उत्पन्नातून फिटत नाही. पंधरा-वीस वर्षे प्रवासी वाहून झालेले विमान कमी किमतीत घ्यायचे, त्याचे रूपांतर करायचे आणि पुढची पंधरा-वीस वर्षे त्यातून माल न्यायचा, असा हा सरळ हिशेब आहे. एसटीनेही 2020 च्या टाळेबंदीत जुन्या बसगाड्यांची बाके काढून, खिडक्या पत्र्याने बंद करून त्या मालवाहतुकीला लावल्या होत्या, हे आपल्या वाचकांना आठवत असेल.

पण विमानाचे हे काम बसच्या बॉडीइतके सोपे नाही, आणि बॉडीचे काम ज्याने हाताने केले आहे त्याला ते अधिक जाणवते. बसच्या बॉडीला मागे नवीन दार काढायचे तर तिथला खांब कापला जातो आणि त्याचा भार वाहायला चौकट द्यावी लागते. विमानाच्या डाव्या अंगाला, पुढच्या भागात, सुमारे साडेतीन मीटर रुंद आणि दोन मीटरहून उंच दार कापावे लागते, आणि तेही अशा पत्र्यात, जो प्रत्येक उड्डाणात आतल्या हवेच्या दाबाने फुगतो आणि उतरल्यावर पूर्ववत होतो. त्या कापलेल्या जागेभोवती भक्कम कडी आणि जादा पत्र्यांचे थर बसवल्याशिवाय ते विमान आकाशात नेता येत नाही. माणसे आणि खुर्च्या यांच्यासाठी असलेल्या विमानातल्या जमिनीखालच्या तुळया बळकट कराव्या लागतात, कारण आता त्या जमिनीवर दोन-तीन टनांचे पॅलेट, म्हणजे माल रचलेले सपाट फलक, घसरत जाणार असतात. वैमानिकांच्या मागे मालाच्या वजनाच्या नऊपट धक्का सोसेल अशी भिंत उभारतात. आत धूर झालाच, तर हवेचा पुरवठा तोडून आणि दाब उतरवून आग उपाशी मारण्याची व्यवस्था करावी लागते. हे सगळे व्हायला तीन-चार महिने लागतात, आणि प्रत्येक आराखड्याला विमानसुरक्षा यंत्रणेचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. ते किती कठीण असते याचे उदाहरण म्हणून बोइंग 777-300 ईआर या मोठ्या विमानाचे रूपांतर पाहावे. इस्राएल एरोस्पेस इंडस्ट्रीजने ते काम 2019 मध्ये जाहीर केले आणि प्रमाणपत्र हाती पडायला 2025 साल उजाडले.

काही वर्षांपूर्वी मुंबई विमानतळावर आमचे प्रवासी विमान धावपट्टीकडे जात असताना शेजारी एक मालवाहू 757 उभे होते. सकाळचे तिरपे ऊन त्याच्या अंगावर पडले होते आणि पिवळ्या रंगाखालून बंद केलेल्या खिडक्यांचे अंडाकृती ठसे ओळीने दिसत होते, प्रत्येकाभोवती रिवेटचे बारीक कडे. माझ्या शेजारच्या प्रवाशाला त्यात काही विशेष वाटले नाही. मला मात्र ज्याने ते कडे सरळ बसवले त्या अनोळखी फिटरविषयी फार आदर वाटला.

अशा विमानांवर नजर ठेवण्याची पद्धतही कठीण नाही. शेपटीजवळ लिहिलेला व्हीटी-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक हा गाडीच्या पासिंग नंबरसारखा असतो. विमान दुसऱ्या देशात गेले की तो बदलतो. कारखान्याने दिलेला अनुक्रमांक मात्र चासी नंबरसारखा जन्मभर तोच राहतो, आणि माझ्या वहीत पहिला रकाना त्याचाच आहे. विमान उडताना आपली ओळख आणि ठिकाण रेडिओ संदेशातून सतत सांगत असते, त्यामुळे कोणते विमान कुठे आहे हे घरबसल्या कळते. एखादे जुने 737-800 चीनमधील जिनान किंवा ग्वांगझू येथे उतरते, किंवा एखादे एअरबस सिंगापूरला जाते, आणि नंतर तीन-चार महिने त्याचा काहीच पत्ता लागत नाही, तेव्हा ते रूपांतरासाठी, दार कापायला गेले असे समजावे. पुढे एक दिवस तोच अनुक्रमांक नव्या नोंदणीने, बहुधा पांढऱ्याशुभ्र रंगात, चाचणीसाठी उडतो. ही नोंद ज्याच्याकडे आहे, त्याला कंपनीच्या जाहीर निवेदनाच्या आधी कळते की येत्या हंगामात देशात एक मालवाहू विमान वाढणार आहे.

याचा शेतकऱ्याशी आणि लहान उद्योजकाशी काय संबंध, असे कोणी विचारेल. माझा पुतण्या जालना जिल्ह्यात भाजीपाल्याच्या बियाणांचा व्यवसाय करतो. एका पावसाळ्याच्या तोंडावर त्याने गुवाहाटीच्या व्यापाऱ्यासाठी बियाणांच्या पेट्या ट्रकने मुंबईला नेऊन एका मालवाहू विमान कंपनीकडे सोपवल्या. ‘उद्या जातील’ असे त्याला सांगण्यात आले आणि पेट्या तिथे नऊ दिवस पडून राहिल्या, कारण त्या मार्गावर कंपनीचे एकच विमान होते आणि ते दुरुस्तीसाठी उभे होते. ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नाही. माझ्याकडे त्याने तेव्हा विचारले असते, तर ते विमान दहा दिवस जागचे हललेले नाही हे मी त्याला वही उघडून दाखवले असते आणि त्याने माल रेल्वेने पाठवला असता. पेट्या पोहोचल्या तेव्हा तिकडची पेरणी होऊन गेली होती. कंपनीचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. ताफ्यात किती विमाने आहेत आणि त्यातली किती चालू आहेत, हे माल देणाऱ्याला कळण्याची सोयच नाही, हे माझे गाऱ्हाणे आहे.

नोंदीत वयही यावे. 4 नोव्हेंबर 2025 रोजी अमेरिकेत लुईव्हिल येथे यूपीएस कंपनीचे एमडी-11 मालवाहू विमान उड्डाण करतानाच डावे इंजिन तुटून कोसळले. ते विमान 1991 मध्ये थाई एअरवेजकडे प्रवासी विमान म्हणून दाखल झाले होते. इंजिनाच्या जोडणीतील भागांना धातूच्या थकव्याच्या भेगा पडल्याचे प्राथमिक तपासात आढळले. दार कापण्याशी किंवा रूपांतराशी त्याचा संबंध दिसत नाही. जुने विमान म्हणजे धोक्याचे विमान, असे मी म्हणत नाही, आणि कार्यशाळेत आयुष्य घालवलेला माणूस तसे म्हणणार नाही. वेळेवर उघडून तपासलेली जुनी गाडी न तपासलेल्या नव्या गाडीपेक्षा बरी असते. पण वय आणि तपासणी या गोष्टी झाकलेल्या नसाव्यात.

आता आपल्या चिकलठाण्याचा विचार करू. धावपट्टी सुमारे 9,300 फुटांची आहे, म्हणजे 737-800 सारख्या विमानाला ती पुरेशी आहे. त्या विमानाच्या बोइंगने केलेल्या मालवाहू रूपात सुमारे 24 टन माल बसतो आणि ए-321 मध्ये सुमारे 27 टन. वीस किलोच्या क्रेटच्या हिशेबाने 24 टन म्हणजे 1,200 क्रेट झाले. एवढा माल रोज रात्री ठरल्या वेळी चिकलठाण्यात जमेल का, आणि येताना ते विमान काय भरून आणेल, हे दोन प्रश्न कोणतीही कंपनी पहिल्यांदा विचारते. त्यावर उद्योजकांच्या मागणीत एक ओळही नाही. शिवाय या विमानाचे मालाचे दार जमिनीपासून माणसाच्या उंचीपेक्षा बरेच वर असते, आणि पॅलेट तिथपर्यंत उचलणारे खास लोडर यंत्र विमानतळावर नसेल तर विमान येऊनही उपयोग नाही.

आंब्याविषयी खरे सांगायचे तर, अमेरिकेला जाणारा आंबा विकिरण प्रक्रिया (किरणांचा मारा करून कीड निष्प्रभ करणे) झाल्याशिवाय तिथे उतरू देत नाहीत. आपल्या राज्यात ती सोय वाशी आणि लासलगाव येथे आहे. त्यामुळे केसरच्या पेट्या आधी तिकडे जाणार आणि वाशीहून तर मुंबईच जवळ पडणार. दुसरी अडचण धोरणाची आहे. केंद्र सरकारने 2020 मध्ये परदेशी कंपन्यांच्या अनियमित, म्हणजे ठरलेले वेळापत्रक नसलेल्या, मालवाहू विमानांना दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद या सहाच विमानतळांपुरते बांधून टाकले. म्हणजे एखादी परदेशी कंपनी हंगामापुरते विमान इथे आणू म्हणाली तरी तिला चिकलठाणा खुले नाही. मोसंबीला तर विमानाचे भाडे परवडणारच नाही. तिच्यासाठी रेल्वे आणि समृद्धी महामार्गच योग्य. विमानाला साजेसा माल आपल्याकडे निश्चित आहे: जालन्याचे बियाणे, वाळूज आणि शेंद्र्याची औषधे, तातडीने लागणारे वाहनांचे सुटे भाग. वजनाच्या मानाने मोलाचा आणि वेळेला बांधलेला असा हा माल आहे. मागणी त्याच्या आकड्यांवर उभी करावी आणि आंब्याचे चित्र बाजूला ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकप्रतिनिधींच्या ध्यानात यावी. बोइंगने 2023 मध्ये हैदराबादच्या जीएमआर एरो टेक्निकबरोबर 737-800 विमानांचे मालवाहू रूपांतर भारतात करण्याची घोषणा केली. नांदेडहून हैदराबाद फार दूर नाही. जमिनीच्या तुळया, दाराच्या चौकटी, खिडक्यांच्या जागी बसणाऱ्या तबकड्या हे सुटे भाग अचूकतेने करणारे कारागीर वाळूजच्या कारखान्यांत आणि आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांमध्ये आहेत. मात्र सध्या नवी विमाने उशिरा मिळत असल्याने प्रवासी कंपन्या जुनी विमाने सोडत नाहीत, त्यामुळे रूपांतरासाठी विमानेच कमी येतात. ही तेजी-मंदी ओळखायची तरी ताफ्याची नोंद हाताशी हवी.

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने देशातील मालवाहू विमानांची स्वतंत्र यादी, अनुक्रमांक, बांधणीचे वर्ष, रूपांतराचे वर्ष, भारक्षमता आणि विमान सध्या चालू आहे की उभे आहे या तपशिलासह, दर महिन्याला प्रसिद्ध करावी. आणि आपल्या दैनिकाने बाजारभावाच्या शेजारी महिन्यातून एकदा तेवढीच एक चौकट मराठीतून द्यावी. जाधववाडीच्या बाजार समितीतला आडत्या आणि जालन्याचा बियाणे व्यापारी ती नक्की वाचतील.

तोपर्यंत माझ्या वहीतील नोंदी आपल्या उपसंपादकांना पडताळून पाहायच्या असतील, तर त्या घेऊन मी कोणत्याही दिवशी दुपारी कार्यालयात येऊ शकतो. अनुक्रमांकाच्या रकान्यात कुठे चूक आढळली तर ती कळवावी, म्हणजे मला दुरुस्त करता येईल.

आपला नम्र,
एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतील एक निवृत्त कर्मचारी
सिडको, छत्रपती संभाजीनगर